घर घेताना व घर गहाण ठेवताना
(धर्मापुरी येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



घर घेताना व गहाण ठेवताना जे कायद्याचे प्रश्न नेहमी पडतात, त्यांविषयी मी चार शब्द बोलावे अशी मंडळाच्या चिटणीसांनी आज्ञा केली आहे. मी वकील नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु कागद वाचून घ्यावयास गावातील माणसे अद्याप मास्तरांकडेच येतात, आणि त्या वाचनातून जे उमगले तेवढेच येथे मांडतो. त्याचे सार असे की, व्यवहार माणसामाणसांत होतो, परंतु न्यायालयात उभा राहतो तो कागद. म्हणून जे मनात असेल तेच कागदावर असले पाहिजे.

पहिला प्रश्न: घर कोणाचे, हे कशावरून ओळखावे? आपल्यासारख्या गावात गावठाणातील घरास सहसा सातबारा नसतो. लोक ग्रामपंचायतीचा नमुना नंबर आठ दाखवितात व तोच मालकीचा पुरावा समजतात. वस्तुतः तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा होय. पट्टी कोणाकडून वसूल करावयाची एवढेच तो सांगतो. मालक कोण हे तो ठरवीत नाही. सन २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जेथे ती मिळाली असेल तेथे ती अवश्य पाहावी. तथापि विकणाऱ्याकडे घर कसे आले, हे सांगणारे जुने खरेदीखत, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्रही मागावे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा, म्हणजे पूर्वीची विक्री अथवा नोंदलेले गहाण उघडकीस येते.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. त्या काळचे कित्येक कागद उर्दूत आहेत, सन फसली आहे, रकमा हाली शिक्क्यात आहेत. फसली सनात ५९० मिळविले असता इसवी सन येतो. १३५० फसली म्हणजे १९४०-४१. असा कागद जाणकाराकडून वाचून घ्यावा; कळत नाही म्हणून बाजूस टाकू नये. जागा देवस्थानाच्या इनामाची असेल, तर शासनाची पूर्वपरवानगी नसता इसारसुद्धा देऊ नये.

दुसरा प्रश्न: सह्या कोणाकोणाच्या हव्यात? भाऊभाऊ सही करतात आणि बहिणींना कोणी विचारीत नाही. "तिचे लग्न करून दिले, साडीचोळी होते, आता तिचा काय संबंध?" असे म्हणणारे आपल्यातही आहेत. कायद्यास हे मान्य नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे हक्क दिला. मात्र तत्पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. सन २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला, आणि हा हक्क मुलीस जन्मतःच असतो असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. सबब वडिलोपार्जित घर घेताना बहिणींचीही सही घ्यावी. त्या स्वखुशीने हक्क सोडीत असतील तर हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. आणि भावांनीही हे मनात धरावे की, बहिणीची सही हा केवळ उपचार नव्हे. न देण्याचाही तिला अधिकार आहे.

तिसरा प्रश्न: बाँडवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला, तर घर आपले झाले काय? नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. इसारपावती व साठेखत हे पुढे विकण्याचे करार होत. त्यांनी मालकी येत नाही. मुखत्यारपत्रानेही मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. खरेदीखत लिहून सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत ते नोंदणीस हजर करावे लागते.

आता चौथा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत जोखमीचा. समजा, मुलीच्या लग्नासाठी एखाद्या गृहस्थास दोन लाखांची नड आहे. पैसे देणारा म्हणतो, "गहाणखत कशाला? खरेदीखतच करून द्या. पैसे फिटले की घर परत फिरवून देऊ." गृहस्थ सही करतो. दोन वर्षांनी तो पैसे घेऊन जातो, तेव्हा उत्तर मिळते, "घर तर मी विकत घेतले आहे!"

गहाण आणि विक्री यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गहाणात घर आपलेच राहते, आणि कर्ज फेडून ते सोडविण्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे. विक्रीत असा हक्क उरत नाही. परत देण्याची शर्त घालून केलेली विक्री, जिला आपण मुदतखरेदी म्हणतो, तीही गहाण ठरू शकते. पण १९२९ च्या दुरुस्तीप्रमाणे ती शर्त त्याच दस्तात लिहिलेली असावी लागते. वेगळ्या चिठ्ठीवरील शर्त चालत नाही, मग तोंडी वचनाची काय कथा!

जे आधीच असे फसले असतील, त्यांना वाट अगदीच बंद नाही. दस्त केवळ दिखाऊ होता व खरा व्यवहार कर्जाचाच होता, हे तोंडी पुराव्यानेही दाखविता येते, असे १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घराच्याच खटल्यात म्हटले. शिवाय महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीत मागील पंधरा वर्षांत गेलेल्या स्थावराबाबत सावकारीच्या जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे, अर्ज करता येतो. चौकशीत सावकारी सिद्ध झाल्यास दस्त रद्द होऊन मिळकत परत मिळू शकते. परंतु सिद्ध करणे सोपे नसते. म्हणून कर्ज घ्यावयाचे तर गहाणखतच करावे. त्यात रक्कम, व्याज, मुदत स्वच्छ लिहावी. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी, आणि कर्ज फिटताच गहाण फिटल्याचा लेख नोंदवून घ्यावा. तो मागण्याचा अधिकार आपणास कायद्याने दिला आहे.

शेवटचा प्रश्न शहरांत घरे घेतलेल्या आपल्या मुलांचा. एका बँकेचे गृहकर्ज फेडून दुसरीकडे कमी व्याजाने नेता येते काय? येते. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांनी घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासून दंडक आहे. मात्र नव्या बँकेचे शुल्क, मुद्रांक व वकिलाचा खर्च मोजूनच लाभ ठरवावा. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई देण्याचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद बँकेत देताना त्यांची यादी सहीशिक्क्यानिशी घ्यावी, म्हणजे परतीच्या वेळी वाद राहत नाही.

बंधुभगिनींनो, मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. ज्ञातीतील जी वकील मंडळी आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस कोणाही कुटुंबाचा कागद सहीपूर्वी वाचून द्यावा. आणि घरातील कर्त्या पुरुषाने तो कागद घरच्या स्त्रियांनाही मोठ्याने वाचून दाखवावा. घर गेले तर चूल त्यांचीही उठते. सहीची घाई समोरचा करीत असेल, तर त्याच दिवशी सही करू नये. घर बांधावयास आयुष्य जाते. जावयास एक सही पुरते.