लिहिलं का नाहीस?

विंगेत मुलं फेटे सावरत उभी आहेत, आणि पहिल्या रांगेत माझ्या गणिताच्या बाई आहेत. बाई, तुम्ही समोर बसल्यात म्हणजे आज आकडे चुकवून चालणार नाही.

स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत माझा विषय 'वजन आणि घरखर्च : रोजच्या सवयी' असा छापलाय. मी आहारतज्ज्ञ, घरखर्च कुणी जोडला माहीत नाही, पण बरं केलं. कारण या शाळेत माझी वजनाची नोंद आणि माझे पैसे एकाच कपाटात असायचे. वरच्या फळीवर प्रगतीपुस्तकांचे गठ्ठे, खाली संचयिकेचा, म्हणजे शाळेतल्या बचत बँकेचा, पत्र्याचा डबा.

प्रगतीपुस्तकात उंची आणि वजनाचे रकाने होते, पण शाळेत वजनकाटा नव्हता. सहामाही झाली की कोपऱ्यावरच्या धान्याच्या दुकानातला काटा हातगाडीवरून यायचा. त्यावर ज्वारीचा भुसा चिकटलेला असायचा. शिपाईमामा वजनं सरकवायचे आणि पीटीचे सर आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायचे, "अठ्ठेचाळीस!" सगळी शाळा हसायची. तो अठ्ठेचाळीस माझा. पुढची दोन वर्षं मी काट्याच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहिले. सरांचा हेतू वाईट नव्हता, पण तेव्हापासून मला एक नक्की वाटतं, वजन लिहायचं असतं, ओरडायचं नसतं. आणि मुलांनो, तुमची हाडं अजून वाढताहेत. मैत्रिणीचं बघून जेवण सोडण्याच्या नादी लागू नका.

संचयिका आठवतेय का कुणाला? मागच्या रांगेतले माझ्या वयाचे लोक माना डोलावताहेत. सोमवारी मधल्या सुट्टीत चार आणे, आठ आणे, फार तर रुपया भरायचा आणि पासबुकात स्वतःच्या हाताने आकडा लिहायचा. आठवीत असताना वडिलांनी एकदा २ रुपये दिले. फाटकाबाहेर चन्यामन्या बोरंवाली बसायची. १ रुपया तिच्याकडे गेला, १ संचयिकेत. घरी दाखवायला मात्र मी पासबुकात १ चा २ केला. शनिवारी बेरीज जुळेना. याच बाईंनी मला टेबलापाशी बोलावलं. मला वाटलं, आता छडी. बाई म्हणाल्या, "बोरं खाल्लीस त्याचं काही नाही. लिहिलं का नाहीस?"

पुढे मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचना वाचल्या, कॅलरीची कोष्टकं पाठ केली, पण दवाखान्यात रोज जो प्रश्न मी विचारते तो हाच. समोरची व्यक्ती म्हणते, "मॅडम, मी काही खातच नाही हो." मी वही देते. आठ दिवसांनी त्या वहीत चहाबरोबरचे चार टोस्ट, मुलाच्या ताटात उरलं म्हणून संपवलेली दीड पोळी, ऑफिसातल्या वाढदिवसाचा केक, सगळं हजर असतं. निम्म्या वेळा मला काही सांगावंच लागत नाही. खर्चाचंही हेच. "पगार जातो कुठे कळत नाही" म्हणणाऱ्याने महिनाभर रोज रात्री पाच मिनिटं लिहावं. फोनमध्ये आपोआप नोंद होते, खरंय. पण ती वाचतो कोण?

शास्त्र सांगायला वेळ थोडा आहे, म्हणून एकच हिशेब करू. तुमच्या किराण्याच्या यादीतला. चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटरचा तेलाचा डबा लागतो, असं धरा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम. चौघांत आणि ३० दिवसांत वाटलं, तर माणशी रोज जवळजवळ ३८ ग्रॅम. बाई, बरोबर ना? पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत मोठ्या माणसाचं दिवसाचं जे ताट मांडलंय, त्यात तेल-तूप मिळून आहे २७ ग्रॅम. म्हणजे साडेतीन लिटरमध्ये घर भागतं, आणि त्यातही तूप आलं. साखरेचं तसंच. ५ किलो आणत असाल तर माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर गेलात; ३ किलोत २५ होतात. यात बिस्किटं आणि कोल्ड्रिंकमधली साखर धरलेली नाही. यादीतला एक आकडा खोडला की कंबर आणि खिसा दोन्हीकडे फरक पडतो, तोही भूक न मारता. तुम्हाला वजन घटवायच्या कसल्या पावडरी विकायला कुणी आलं, तर त्याला आधी हा हिशेब विचारा.

तिसऱ्या रांगेतले दादा बायकोकडे बघून हसताहेत. दादा, यादी तुम्ही करता का? मग हसू नका. वही दोघांची.

मीही शहाणी नव्हते. पहिल्या नोकरीत मी तीन वर्षांत १२ किलो वाढले आणि हप्त्यावर अशा वस्तू घेतल्या की त्यातली एकही आज घरात नाही. त्या तीन वर्षांची माझ्याकडे एकही वही नाही.

मागून वड्यांचा वास येतोय आणि लेझीमवाली मुलं खोळंबलीत. वडे जरूर खा, पालकांनो, स्नेहसंमेलन वर्षातून एकदा येतं. रात्री घरी जाऊन लिहा, एवढंच.

माझं संचयिकेचं पासबुक आज पर्समध्ये आहे. आठवीच्या पानावर खोडलेला २ आहे, शेजारी १, आणि त्याखाली लाल शाईत बाईंची सही. बाई, चहाच्या वेळी दाखवते.