समुद्रापलीकडचा भजनी ठेका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, तू तबला घेऊन परदेशात जाऊन आलास, त्या दौऱ्यावर पंधरा मिनिटं बोल. आता आपल्या वर्गात परदेशाचं कौतुक राहिलेलं नाही. कोणाचा मुलगा जर्मनीत आहे, कोणाची लेक अमेरिकेत. मी गेलो तो एकदाच, ऑगस्ट १९९८ मध्ये, बारा दिवसांसाठी, मॉरिशसला. त्यावर मी याच शाळेत, त्याच वर्षी डिसेंबरात, एकदा भाषण केलेलं आहे. शाल-श्रीफळ घेऊन केलं होतं. तुमच्यापैकी काही जण तेव्हा समोर बसले होते. त्या भाषणातलं बरंचसं खरं नव्हतं. ते दुरुस्त करावं म्हणून आज उभा राहिलो आहे.

थोडं मागचं सांगतो. आपलं जुनं शहर म्हणजे भजनांचं गाव. राजेश्वराच्या देवळाकडे सोमवारी भजन असायचं आणि मी नऊ वर्षांचा असताना तिथे ढोलकी वाजवायला लागलो. शिकवलं कोणी नाही. भजनी मंडळातले म्हातारे डोळ्यांनी खुणावायचे, इथे उचल, इथे सोड. वर्गात मी बाक वाजवायचो आणि सरांची छडी माझ्या बोटांवर वाजायची. नंतर सरांनीच प्रार्थनेला साथ करायला मला उभं केलं, हे तुम्हाला आठवत असेल.

पुढे अमरावतीला रीतसर तबला शिकलो, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झालो. कायदे, रेले, तुकडे हातात आले आणि ढोलकीची लाज वाटायला लागली. सोमवारच्या भजनाला जाणं बंद केलं. मंडळातले आजोबा एकदा दगडी पुलावर भेटले. म्हणाले, "काहून रे, आता येत नाई तू?" मी म्हटलं, "रियाज असतो." ते हसले. म्हणाले, "तुकडोजी महाराजांची खंजिरी १९५५ साली जपानले जाऊन आली. तिले नाई वाटली लाज भजनाची." मला तेव्हा राग आला होता.

१९९८ मध्ये मुंबईच्या एका कंत्राटदाराकडून निरोप आला. गणेशोत्सवात मॉरिशसला अभंग, नाट्यगीतं आणि भावगीतांचे कार्यक्रम, पाच जणांचा ताफा, तबल्याला माणूस हवा. वीस हजार रुपये मिळतील. लेखी काही नाही. पासपोर्टसाठी नागपूरच्या खेपा, मुंबईचा खर्च, बरे कपडे, यासाठी माझ्याजवळ पैसे नव्हते. आपल्याच वर्गातल्या एका मित्राने सहा हजार रुपये काढून दिले. त्याचं जुन्या शहरात किराणा दुकान आहे. नाव घेणार नाही, घेतलं तर तो उठून बाहेर जाईल. दुकानाला नवीन शटर बसवायला त्याने ते ठेवले होते.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेच्या पाण्याच्या कावडी आल्या, राजेश्वराला जलाभिषेक झाला आणि त्याच आठवड्यात मी विदर्भ एक्स्प्रेसने निघालो. पोळा चुकला. आईने विमानात खायला दशम्या बांधून दिल्या होत्या.

आता मॉरिशस. अख्खा देश आपल्या अकोला जिल्ह्यापेक्षा लहान आहे. घड्याळ आपल्या दीड तास मागे. आपल्याकडे ऑगस्टात उकाडा, तिथे हिवाळा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. या उसासाठीच १८३४ पासून भारतातून करारावर मजूर नेले. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं त्या बंदरात उतरली. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती उतरली, तो आप्रवासी घाट आम्हाला दाखवला. समुद्रावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत. २००६ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. आम्ही गेलो तेव्हा तिथे फारशी वर्दळ नव्हती. आमच्या बसचा चालक मराठी घरातला होता. तो पायऱ्यांपाशी चप्पल काढून उभा राहिला, म्हणून आम्हीही काढल्या.

त्या मजुरांत मराठी माणसंही होती, बरीचशी रत्नागिरीकडची. नोंद करणाऱ्याने जे नाव ऐकलं तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, त्यामुळे तिथे पणजोबांचं नाव आडनाव म्हणून लावणारी माणसं भेटतात. घरात क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, मराठी हा जास्तीचा विषय. पण गणपती घरोघरी. हेन्रिएटा नावाच्या गावात तो १८९६ पासून बसतो असं सांगतात. गणेश चतुर्थीची तिथे देशभर सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे बाराभाई गणपतीची मिरवणूक बघून मोठा झालेला मी, हे ऐकून चाट पडलो.

पहिला कार्यक्रम ठीक झाला. दुसरा वाक्वासच्या बाजूला होता. तो भाग उंचावर आहे, सतत भुरभुर पाऊस. आपल्या कोरड्या हवेत माझा तबला दोन दिवस सूर धरून राहायचा, तिथे तासाभरात उतरायचा. चामडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. मी हातोडी घेऊन गठ्ठे ठोकत राहिलो. ओल्या चामड्याला जबरदस्तीने चढवलं आणि कार्यक्रमाआधी सुकावं म्हणून स्वयंपाकघरात गॅसजवळ ठेवलं. सुकताना चामडं आकसतं. ते आधीच ताणलेलं होतं. कार्यक्रमाला अर्धा तास असताना आतून आवाज आला. जाऊन बघतो तर पुडी गजऱ्यापासून शाईपर्यंत फाटलेली.

गुरुजींनी निघताना बजावलं होतं की जास्तीची पुडी घे. मी पैसे वाचवायला घेतली नव्हती.

बाहेर दीडशे माणसं येऊन बसलेली. गायिकाबाई रडकुंडीला आल्या. नाट्यगीतं तबल्याशिवाय कशी म्हणणार? तेवढ्यात तिथल्या भजनी मंडळाचे एक आजोबा आत आले. त्यांना मराठी फार बोलता येत नव्हतं. त्यांनी फाटलेली पुडी बघितली, जीभ टाळूला लावून चुकचुकले आणि देवघरातून आपली ढोलकी आणून माझ्या मांडीवर ठेवली. काखेतलं मूल द्यावं तशी दिली.

नाट्यगीतं वगळली. बाईंनी अभंग धरले. मी वीस वर्षांपूर्वीचा सोमवारचा ठेका धरला. पहिल्या अंतऱ्याला हात अडखळला, दुसऱ्याला मोकळा झाला. तिसऱ्या अभंगाला समोरच्या माणसांनी झांजा काढल्या. त्या सोबत आणलेल्याच होत्या. त्यांच्या वह्यांत मराठी भजनं रोमन अक्षरांत लिहिलेली होती. आम्ही दोन तास ठरवले होते, साडेतीन तास झाले. मग बायाबापड्यांनी खुर्च्या बाजूला सारल्या आणि झाकरी सुरू झाली. आपल्या कोकणातली जाखडी तीच ही, गोलात नाचायची. मी मधोमध बसून वाजवत होतो.

नाचून दमलेली एक आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिने एक गाणं म्हटलं आणि दुभाष्यामार्फत मला विचारलं, यातल्या दोन शब्दांचा अर्थ काय? तिच्या आजीकडून गाणं आलं, अर्थ आला नाही. मी वऱ्हाडातला, शब्द जुन्या कोकणातले. मलाही कळले नाहीत. तसं सांगितलं तर म्हणाली, हरकत नाही, तुमच्या गावाला गेलात की विचारा. अकोला आणि रत्नागिरी शेजारी असावेत असं तिला वाटत होतं. मी हो म्हणून गेलो. ते शब्द मी लिहूनही घेतले नाहीत. त्या दौऱ्यातली माझी सगळ्यात मोठी चूक कोणती विचाराल तर फाटलेल्या पुडीच्या आधी मी ही सांगेन.

आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट. समुद्रकाठी एके रात्री सेगा ऐकला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचं ते गाणं-नाचणं. त्यांचं वाद्य रावान, बकऱ्याचं कातडं लावलेला मोठा डफ. वाजवण्याआधी त्यांनी काटक्या-पानांचा जाळ केला आणि रावान त्यावर गोल फिरवत शेकली. बोटाने टिचकी मारून बघायचे, पुन्हा शेकायचे. आपल्याकडे मिरवणुकीत डफडेवाले रस्त्याच्या कडेला रद्दी पेटवून हेच करतात. मी विशारद झालेला माणूस, माझा तबला गॅसजवळ ठेवून फाडून बसलो. त्यांना चामडं किती शेकायचं ते ठाऊक होतं, कारण ते हात न काढता शेकत होते. आणि चाल सहा मात्रांची, दादऱ्याला जवळची. मी मांडीवर धरली तर एकाने हसून रावानच पुढे केली.

उरलेले सगळे कार्यक्रम मी ढोलकीवर केले. विसर्जनाला समुद्रावरही तीच वाजवली. निघताना परत करायला गेलो तर आजोबांनी दोन्ही हात लावून नमस्कार केला आणि पुन्हा देवघरात ठेवली.

मुंबईत उतरल्यावर कंत्राटदाराने आठ हजार दिले. बाकीचे बारा पाठवतो म्हणाला. ते आजपर्यंत आले नाहीत. नवी पुडी, गावी येण्याचं भाडं, घरची उधारी, यात आठ हजार संपले.

आणि मग डिसेंबरात इथे सत्कार झाला. मी काय सांगितलं? परदेशात माझं तबलावादन गाजलं, तीनतालातल्या कायद्याला लोकांनी उभं राहून दाद दिली. ढोलकीचं नाव काढलं नाही. मानधन विचारलं तर नुसता हसलो, म्हणजे लोकांनी काय समजायचं ते समजावं. आपले सर पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "भजन नाही का वाजवलंस तिथे? ती तर आपलीच माणसं." मी "नाही सर" म्हटलं. सर, आज तुम्ही इथे आहात. वाजवलं होतं. भजनच वाजवलं होतं.

दाद देणाऱ्या टाळ्यांत तो किराणावाला मित्रही होता. त्याला वाटलं असेल, याच्याकडे आता पैसा आला. त्याने मागितला नाही. मीच त्याच्या दुकानावरून जाणं सोडलं. दहिहांडा वेशीकडून वळसा घालून घरी जायचो. अडीच वर्षं हे चाललं. त्याच्या दुकानाचं जुनं शटर अर्धंच उघडायचं, गिऱ्हाईक वाकून आत जायचं, हे मला लांबून दिसायचं.

एका संध्याकाळी तो सात वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दारात उभा. मला घाम फुटला. म्हणाला, "इले ठोकायचा लय नाद हाये, घरातले डबे फोडते. तबला शिकव." मी म्हटलं, फी घेणार नाही, तुझे पैसे त्यातून फिटतील. तो म्हणाला, "तुयी फी वेगळी, माये पैसे वेगळे. पोरीच्या विद्येत उधारी नको मिसळू." दर महिन्याला त्याने फी दिली. मी त्या फीतून दर महिन्याला त्याला परत दिले. तेच पैसे दोघांमध्ये फिरत होते, कागदावर बघितलं तर वेडेपणाच. २००३ च्या दिवाळीत सहा हजार पूर्ण झाले. कंत्राटदाराने बुडवलं, हे त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "मले तवाच समजलं होतं. पैसे आलेला माणूस दहिहांडा वेशीकून काहून जाईन?"

ही झाली दुरुस्ती. आता आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं गाणं, वाजवणं, नृत्य शिकतात आणि त्यांना बाहेरची बोलावणी येतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. करार लेखी करा, त्यात रक्कम, कार्यक्रमांची संख्या, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट स्पष्ट लिहा. निम्मे पैसे निघण्याआधी घ्या. चामड्याचं वाद्य असेल तर तिथली हवा ओली की कोरडी ते विचारा, जास्तीची पुडी आणि वादी जवळ ठेवा, आणि ओल्या चामड्याला ठोकून शेकू नका. चौथी गोष्ट, कोणी म्हाताऱ्या माणसाने शब्दाचा अर्थ विचारला तर तो शब्द लिहून घ्या.

मी पुन्हा सोमवारच्या भजनाला जातो. दगडी पुलावर भेटलेले आजोबा तोपर्यंत गेले होते, त्यांना सांगायचं राहिलं. ढोलकी आज सोबत आणली आहे. जेवणं झाल्यावर सरांनी परवानगी दिली तर आपली जुनी प्रार्थना म्हणू. तबल्याच्या साथीला माझ्या त्या मित्राची मुलगी आहे. फी तिच्या वडिलांनी पूर्ण भरलेली आहे.