फितीवरची तारीख

(आपल्या मंचाच्या डँडेनॉन्ग येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी आजी पुण्यात फेब्रुवारी २००५ मध्ये गेली. माझ्या संगणकावर तिची एक चित्रफीत आहे, आणि तिच्यापुढे तारीख दिसते २०१२ ची. म्हणजे मृत्यूनंतर सात वर्षांनी आजी आपली छान बोलते आहे! एखाद्या बुवाला एवढे भांडवल पुरले असते. आपण मात्र विचारायचे, की ही तारीख नेमकी कशाची?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. त्या फितीत आजी स्पष्ट म्हणते, "माझ्यामागे दहावा-तेरावा करू नका. देह मेडिकल कॉलेजला द्या." प्रत्यक्षात सगळे विधी झाले. काकांचे म्हणणे असे, "अगं, ती फीत २००१ च्या दिवाळीतली. पुढे तिचं मत बदललं होतं." चित्रण केले होते मेलबर्नहून गेलेल्या माझ्या आतेभावाने. तो २००१ आणि २००४ अशा दोन्ही दिवाळ्यांना पुण्यात होता. दोन्ही कॅसेटींवर त्याने "पुणे, दिवाळी" एवढेच लिहिले, आणि आता त्यालाही आठवत नाही.

२०१२ चे कोडे सोपे होते. त्या वर्षी कॅसेटची डीव्हीडी करून घेतली होती. संगणक दाखवत होता तो फाइल तयार झाल्याचा दिवस, चित्रणाचा नव्हे. डीव्हीडी करताना कॅमेऱ्याने नोंदलेली तारीख गळून गेली होती. चित्र आले, आवाज आला, पुरावा मात्र वाटेतच सांडला.

मूळ मिनीडीव्ही कॅसेट सुदैवाने आतेभावाच्या कपाटात होती. जुना कॅमेरा मिळवला, फायरवायरच्या केबलने जुन्या संगणकाला जोडला आणि फीत एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली. पडद्यावर आकडे आले, ००:२३:१०:०८. मला वाटले, मध्यरात्रीनंतरची तेवीस मिनिटे! डॉक्टरेट असूनही मी फसले. तो होता टाइमकोड, म्हणजे तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. घरगुती मिनीडीव्हीवर हा कोड कॅसेटच्या सुरुवातीपासून मोजला जातो. मध्ये कोरी जागा सुटली, तर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. तो मैलाचा दगड आहे, घड्याळ नव्हे. शिवाय एडिटिंगच्या टाइमलाइनचा स्वतःचा वेगळा टाइमकोड असतो, तोही यात मिसळू नये.

खरी तारीख आणि वेळ कॅमेरा चित्राबरोबरच, पण चित्रात न दिसणाऱ्या वेगळ्या जागी, लिहीत असतो. पुष्कळ कॅमेऱ्यांत 'डेटा कोड' चालू केला की ती दिसते. फायरवायरने घेतलेल्या मूळ डीव्ही फाइलमध्ये ती टिकते, पण पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या केबलमधून फक्त चित्र आणि आवाज येतात. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने तारीख दाखवली नाही, तर मीडियाइन्फो किंवा एक्झिफटूल हे मोफत प्रोग्रॅम ती वाचून देतात.

मी वाचली. लक्ष्मीपूजनाच्या दृश्यावर आकडे होते, १३ नोव्हेंबर २००४, रात्री ००:४५. मध्यरात्री पाऊण वाजता लक्ष्मीपूजन? पण फितीतच भिंतीवरचे घड्याळ सव्वासात दाखवत होते. फरक साडेपाच तासांचा, म्हणजे मेलबर्नची उन्हाळी वेळ आणि पुण्याची वेळ यांतला नेमका फरक. आतेभावाने कॅमेऱ्याचे घड्याळ बदललेच नव्हते. साडेपाच तास वजा केले, की १२ नोव्हेंबर २००४ ची संध्याकाळ येते. पंचांगाप्रमाणे त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन त्याच दिवशी होते. २००१ मध्ये ते १४ नोव्हेंबरला होते. पंचांग माझ्या अशा कामी येईल, असे कधी वाटले नव्हते!

ही पडताळणी आवश्यकच होती, कारण कॅमेऱ्याचे घड्याळ म्हणजे वेदवाक्य नव्हे. कोणी ते चुकीचे लावते, बॅटरी संपली की ते कारखान्यातल्या तारखेवर जाते. म्हणून दुसरा, स्वतंत्र पुरावा शोधायचा.

रँग्लर परांजपे आपल्याला बुद्धिवादी म्हणून ठाऊक आहेत. १९४४ ते १९४७ या काळात ते ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर होते. केंब्रिजहून ते मुंबईला परतले तेव्हा, डिसेंबर १९०१ मध्ये, सावेदादा भाटवडेकरांनी त्यांच्या स्वागताचे चित्रण केले. त्या काळच्या कॅमेऱ्यात घड्याळ नव्हते, त्यामुळे अशा चित्रणाचा काळ बाहेरच्या कागदपत्रांवरूनच ठरवावा लागतो. आपल्या कॅसेटींत घड्याळ आहे, आणि तेच आपण निष्काळजीपणाने पुसून टाकतो.

मी काकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तेव्हा चार लोक काय म्हणतील, तेच डोक्यात होतं." मी वाद घातला नाही. आजी मृत्यूच्या तीन महिने आधी काय बोलली, एवढेच ही फीत सिद्ध करते. त्या तीन महिन्यांत तिच्या मनात काय आले, ते कोणत्याच सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही. पण "ते फार जुनं होतं" हे उत्तर आता कोणाला देता येणार नाही.

तेव्हा विनंती अशी. डीव्हीडी झाली म्हणून मूळ कॅसेट फेकू नका. डीव्ही फाइल जशीच्या तशी ठेवा. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, आज ती स्वस्त आहे. घाईही करा. फिती खराब होत आहेत, आणि २०२५ मध्ये आलेल्या मॅकच्या टाहो आवृत्तीत फायरवायर चालतच नाही. पुढच्या बैठकीला तुमच्या कॅसेटी आणा, कॅमेरा आणि जुना संगणक मी आणते.

आणि देहदानाची इच्छा असेल, तर ती कॅमेऱ्यावर सोपवू नका. कागदावर लिहा, साक्षीदारांच्या सह्या घ्या, घरच्यांना सांगा. खाली तारीख घालायला विसरू नका.