सौरवादळ आणि वीजजाळे
सूर्यावरील उद्रेकातून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला, की ते डळमळते आणि लांबलचक वीजवाहिन्यांत जवळजवळ एकदिश असा प्रवाह शिरतो, ज्यामुळे रोहित्राचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, लोखंडी गाभा संपृक्त होऊन घुमू लागतो व तापतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा, तेथील कठीण खडकातून हा प्रवाह सहज वाहू न शकल्याने व वाहिन्यांकडे वळल्याने, सुमारे ९० सेकंदांत कोसळली आणि ६० लाख लोक, तेही कडाक्याच्या थंडीत, नऊ तास विजेविना राहिले. त्यानंतर तेथे लांब वाहिन्यांवर हा प्रवाह अडवणारी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, बसवण्यात आली, हे शहाणपणाचेच झाले. कारण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, जेथे भारताचे ‘आदित्य-एल१’ही आहे, तेथील यानांनी लोट टिपल्यावर वीज-नियंत्रकांच्या हाती बहुधा तासाभराहूनही कमी वेळ उरतो.