दोन्ही गोष्टी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्या शाळेत मधली सुट्टी कधी वेळेवर संपली नाही, तेवढी सवलत मलाही द्यावी. १९८५ साली मी वीज मंडळात लागलो आणि महावितरणमधून निवृत्त झालो. नाव बदललं, खांब तेच राहिले. लाइनमनला कुणी जात-धर्म विचारत नाही, ‘लाइट कधी येणार’ एवढंच विचारतात. त्यामुळं सर्वधर्मसमभावावर बोला म्हटल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं विशेष काही नव्हतं. ज्या माणसाकडे होतं ती माझी आई. तिचे धपाटे तुमच्यातल्या निम्म्या वर्गानं खाल्ले आहेत, म्हणून तिच्याबद्दल बोलतो.

आई लिंगायत घरातली. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी तोंडात घ्यायची नाही. मुसलमानाच्या घरचं तर मुळीच नाही. दारात आलेल्या बागवानीणबाईंशी तासभर बोलायची, तिच्या लेकीच्या लग्नाची चौकशी करायची, पण पाण्याचा तांब्या वेगळा. याचं कारण नुसतं सोवळं नव्हतं. तिचं माहेर निलंग्याकडचं. १९४८ साली ती दहा वर्षांची होती. रझाकार आले अशी हाळी उठली की बायका-पोरं रात्री ज्वारीच्या रानात जाऊन बसायची, लेकरू रडलं तर तोंडावर पदर दाबायचा. तिच्या मामाचा वाडा जळाला होता. हे सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी वकिली करायचा तो आपल्या लातूरलाच. मे १९४८मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला माणसं कशी मारली, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नव्हतं. तेव्हा आईच्या मनात जे होतं ते कुणी पुस्तकातून भरवलेलं नव्हतं, हे मी आधी सांगून टाकतो. नाहीतर अशा भाषणात म्हातारी माणसं उगाच अडाणी ठरतात.

माझी बदली नांदेडला झाली. इतवाऱ्यात एका शिलाई काम करणाऱ्या भाईंकडे खोली मिळाली. घरात भाई, भाभी, त्यांची पोरं आणि भाईंची आई. तिला सगळी गल्ली अम्मा म्हणायची. १९८७ साली आईला मोतीबिंदू झाला, पन्नाशीच्या आतच. ऑपरेशन नांदेडला करायचं ठरलं आणि ती महिनाभर माझ्याकडे आली. येताना पीठ, तिखट, तवा, कळशी सगळं घेऊन आली. एसटीच्या कंडक्टरनं लगेजचे पैसे घेतले.

पहिले चार दिवस ती खोलीच्या उंबऱ्याबाहेर पडली नाही. मग ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी आली, आणि दर काही तासांनी औषधाचे थेंब घालायचे होते. मी तर कुठल्यातरी खांबावर. थेंब भाभी घालायला लागली. आईला दिसत नव्हतं, बांगड्यांच्या आवाजावरून ती ओळखायची. पूजेचं पाणी भाभी नळावरून त्याच कळशीत भरून आणायची आणि दाराशी ठेवून हाक मारायची, “माँजी, तुमारा पानी.” त्या महिन्यात घरात मटण शिजलं नव्हतं, हे भाईंच्या धाकट्या पोरानं मला फार नंतर सांगितलं, तेही तक्रार म्हणून.

दुपारी अम्मा आईजवळ येऊन बसायची. एक मराठीत बोलायची, दुसरी दखनीत. एकदा बोलता बोलता आई म्हणाली, आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, बसवून पुरतात. अम्माला ते खरंच वाटेना. हिंदू म्हटल्यावर जाळणारच, अशी तिची साठ वर्षांची पक्की समजूत. “तुमारे में बी मिट्टी देते?” असं तिनं तीनदा विचारलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं. म्हणजे ठाम समजुती दोन्हीकडे होत्या, हेही लक्षात घ्या.

त्याच ओघात कधीतरी आईनं ज्वारीच्या रानाची गोष्ट सांगितली. मी तेव्हा घरात होतो, अंग चोरून बसलो. आता काय होतं, असं वाटत होतं. अम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हौ, बहुत बुरा किये वो लोगाँ.” आणि मग तिनं तिचं सांगितलं. अम्माचं सासर उदगीरच्या बाजूचं. पोलिस ॲक्शननंतर गावात माणसं आली, तिच्या नवऱ्याला बोलावून नेलं. तो परत आला नाही. ती रात्री निघाली, चालत. आईनं विचारलं, “तवा लेकरं किती होती तुमाला?” “एक हाथ में. और ये पेट में था.” ‘ये’ म्हणजे भाई, बाहेर मशीनवर बसलेले. मशीनचा आवाज चालूच होता. दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आईनं अम्माचा हात चाचपून धरला.

निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात होते, १९५६ साली ते उस्मानाबादला जोडले गेले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला. म्हणजे या दोघी एकाच जिल्ह्यातल्या, काही महिन्यांच्या अंतरानं पळालेल्या. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती १९४८च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वांत जास्त हानी झाली, असं तिनं लिहून ठेवलं. त्याच अहवालात असंही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं. आणि रझाकारांच्या विरोधात लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादेत ज्या संपादकाचा खून झाला, तो शोएबुल्ला खान. हे मी निवृत्तीनंतर वाचलं. आईला वाचता येत नव्हतं, तिला ते दुपारच्या त्या गप्पांत कळलं होतं.

पट्टी निघाल्यावर आईला जाड भिंगाचा चष्मा लागला. तो लावून आधी तिनं भाभीचं तोंड पाहिलं आणि म्हणाली, “आगं, तू तर लई लहान हायेस.” निघायच्या आदल्या दिवशी ती भाभीबरोबर सचखंड गुरुद्वाऱ्यात गेली. लंगरच्या पंगतीत जेवली. कुणी वाढलं, कुणी लाटलं, काही विचारलं नाही. त्या संध्याकाळी अम्माच्या घरचा चहाही घेतला. साखर कमी आहे असं म्हणाली, हे मात्र खास आईचं.

३० सप्टेंबर १९९३ला पहाटे भूकंप झाला. मी किल्लारी भागात लाइनच्या कामावर, आणि आई इथं शिरूरला. आपली माळवदाची घरं; भिंती फुटल्या, सगळं गाव ताडपत्रीखाली झोपत होतं. तिसऱ्या दिवशी भाई आणि सत्तरीची अम्मा नांदेडहून हुडकत आले. घर कोणतं, हे विचारत विचारत. अम्मा दोन रात्री आईजवळ ताडपत्रीखाली झोपली. जेवताना आईनं तिला पितळी ताट दिलं, सणाला निघतं ते.

रझाकारांची गोष्ट आईनं पुढंही सांगितली, शेवटपर्यंत. एक अक्षर कमी केलं नाही. फक्त ती संपली की लगेच अम्माची सुरू करायची, आणि माझी पोरं मध्येच उठायला लागली की रागवायची, “बसा, अजून झालं न्हाई.” आई २०११ साली गेली. अम्मा तिच्याआधी.

१७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, भाषणं होतात. १९४८ आठवणारी माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत, आपल्या तुकडीतल्या तीन-चार घरांत तरी आहेत, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की मुलांना वही देऊन त्यांच्याकडे पाठवावं. आईची आणि अम्माची गोष्ट मी लिहून आणली आहे, एकाच वहीत. ती शाळेच्या ग्रंथालयात ठेवून घ्यावी. अक्षर वाईट आहे, पण मराठीच्या बाईंना त्याची सवय आहे.