काजूच्या पानाचा चमचा

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, चांदीच्या भांड्यांची डिझाइन्स सुचतात कुठून? माझी तरी परसातल्या काजूवरून आलीत.

मी चंदगडची. आमच्याकडं काजू म्हणजे बी आणि बोंड, पानाकडं कोण बघतंय? पण वही घेऊन बसले आणि लक्षात आलं, हे पान टोकाकडं रुंद, देठाकडं निमुळतं. अहो, हा तर चमचाच!

चित्र घेऊन हुपरीला एका जुन्या कारागिराकडं गेले. मी त्यांना काका म्हणते. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी आणि बाकी तांबं घेतलं. पत्रा कापायचा, तापवायचा, लाकडाच्या खळग्यात ठोकून खोलगट करायचा. ठोकताना चांदी कडक होत जाते. मग परत तापवायची, नाहीतर चिरते.

पानाच्या शिरा मी चमच्याच्या आत काढल्या होत्या. काका हसले. "खीर अडकून बसंल की यात. घासणार कोण?" शिरा पाठीवर गेल्या. तरी पहिला चमचा देठात वाकलाच. काका म्हणाले, "पानाला कणा असतोय. तुमच्या चित्रात कुठाय?"

खरंच नव्हता. घरी येऊन पान उलटं करून बघितलं. मधली शीर मागून चांगली वर आलेली. तशीच धार चमच्याच्या पाठीवरून देठापर्यंत नेली, आणि तेवढ्याच चांदीत चमचा ताठ राहिला.

तसं हे काही नवीन नाही म्हणा. बकुळीहार, चाफेकळी, जोंधळी पोत, आपल्या बायकांनी अख्खं शिवार गळ्यात घातलंय.

आता एक कबुली. अंजनीच्या पानाची एक छोटी ताटली मी डाय करून प्रेसवर काढली. स्वस्त पडली, खपलीही. पण काकांच्या वाट्याला फक्त पॉलिश आलं. ते काही बोलले नाहीत. मुकाट्यानं ताटल्या रिठ्याच्या पाण्यात घासत बसले. ते बघवलं नाही मला.

काजूचा चमचा म्हणून हातानंच करतो. परवडतं का? सरळ सांगते, अवघड आहे. चांदी किलोला लाखापुढं गेली तेव्हापासून सहा चमच्यांचा सेट म्हटला की गिऱ्हाईक फोनवरच गप्प होतं. दोन ऑर्डरी तशाच गेल्या. अजून किती दिवस ओढेन, माहीत नाही.

या उन्हाळ्यात काका पहिल्यांदाच आमच्याकडं आले. आयुष्यभर पैंजणांवर पानं काढली, पण झाडाखाली असं निवांत कधी बसलो नाही म्हणाले. एक पान तोडलं, डोळ्यांजवळ नेलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"हितं जरा मुडपलंय बघा. ते राहिलं आपलं."

सध्या तीच कड चाललीय.