परसातली वेधशाळा



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी ऱ्हस्व-दीर्घ शिकलो, त्या शाळेने मला आज व्याख्यानासाठी उभे करावे हा माझा गौरव आहे. मात्र मी मराठीचा प्राध्यापक आणि विषय मात्र वेधशाळेचा, हे पाहून काहींना आश्चर्य वाटले असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर गणित शिकवीत. त्यांच्याविषयी बोलायचे तर माझ्या परसातल्या दहा फूट बाय आठ फुटांच्या एका खोलीविषयी बोलणे मला भाग आहे. कारण ती खोली मी बांधली असली, तरी तिचा पाया सरांनी घातला होता.

प्रारंभ शब्दापासून करतो. ती माझी जुनी खोड आहे. आपल्या भाषेत 'वेध' या शब्दाला विलक्षण अर्थ आहेत. शिकारी सावजाचा वेध घेतो. ज्योतिषी ग्रहाचा वेध घेतो. ग्रहणाचे वेध लागतात तेव्हा जुन्या घरांत अन्न शिजत नाही. आणि माहेरचे वेध लागतात तेव्हा मन घरात राहत नाही. नेम, निरीक्षण, भय आणि ओढ हे चारही भाव एका शब्दात राहतात. त्यापुढे 'शाळा' हा शब्द जोडला की वेधशाळा होते. दुर्दैवाने आज वेधशाळा म्हटले की लोकांना पावसाचा अंदाजच आठवतो. माझी खोली उभी राहिली तेव्हा शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी मोठ्या आशेने विचारले होते, "प्रोफेसरसाहेब, मग यंदा पाऊस कसा?"

आता सरांकडे वळतो. १९६६ साली मी नववीत होतो. शाळा सुटल्यावर सर आम्हा चौघांना प्रयोगशाळेत थांबवून घेत. मेजावर सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा असत. एकीवर कार्बोरंडमची भरड पूड आणि पाणी टाकायचे, दुसरी तिच्यावर ठेवून पुढेमागे घासायची, थोडे फिरायचे, पुन्हा घासायची. निसर्गाचा एक सुंदर नियम येथे कामाला येतो. अशा घासण्याने वरची काच आपोआप खोलगट होते आणि खालची फुगीर. मग पूड क्रमाक्रमाने बारीक करीत जायचे आणि अखेर डांबराच्या थरावर झिलई द्यायची. आमच्या आरशाची मध्यभागातील खोली किती असावी? जेमतेम १.२ मिलिमीटर! पण त्या पृष्ठभागाची चूक मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाहून कमी असावी लागते. ती चूक ओळखण्याची रीत फूको नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिली. एक दिवा, एक दाढीचे पाते आणि संयम, एवढ्यावर ती भागते. सर म्हणत, "अरे, घाई केलीस तर काच रागावत नाही, पण लक्षात ठेवते."

तो आरसा पुरा झाला, पण त्याला नळी मिळाली नाही, बैठक मिळाली नाही आणि धातूचा मुलामाही मिळाला नाही. तेवढा पैसा तेव्हा कोणाजवळच नव्हता. सरांनी तो मलमलीत गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि आम्ही मोठे होऊन पांगलो.

पुन्हा आकाशाखाली आमची भेट झाली ती १६ फेब्रुवारी १९८० रोजी. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्या उस्मानिया विद्यापीठाच्या जपाल-रंगापूर वेधशाळेवरून जात होता. मी त्या वेळी नवखा अधिव्याख्याता होतो. सरांनी निरोप धाडला, "येतोस का?" शहरात बहुतेकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. आम्ही त्या परिसरातल्या एका माळावर उभे होतो. भरदिवसा अंधारले, पाखरे झाडांकडे वळली आणि काळ्या सूर्याभोवती पांढरे प्रभामंडल उमटले. सर काही बोलले नाहीत. परतताना एवढेच म्हणाले, "तो आरसा अजून डब्यातच आहे रे." पुढे सर गेले. चौदाव्या दिवशी काकूंनी तो डबा माझ्या हाती दिला. मी तो पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि निवृत्त होईपर्यंत उघडला नाही. ही कबुली मी या व्यासपीठावरून मुद्दाम देत आहे.

परसात वेधशाळा ही कल्पना या शहराला नवी नाही. येथील एक अमीर नवाब जफर जंग यांनी १९०१ साली विलायतेतून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण मागविली आणि फिसलबंडा येथे आपल्या खासगी जागेत वेधशाळा उभारली. १९०७ मध्ये ते वारले. त्यांच्या इच्छेनुसार ती निजाम सरकारने ताब्यात घेतली आणि पुढे बेगमपेठेत निजामिया वेधशाळा नांदू लागली. साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याचे जे आंतरराष्ट्रीय कार्य तेव्हा चालू होते, त्यातील एक मोठा पट्टा या वेधशाळेने पार पाडला. एका माणसाच्या हौसेतून लाखो ताऱ्यांची मोजदाद झाली!

निवृत्तीनंतर, २०११ साली, मी डबा उघडला. आरसा पुण्याला पाठवून मुलामा देऊन घेतला आणि काचीगुड्याच्या घरामागे चुन्याच्या फक्कीने जागा आखली. घुमट बांधणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून सरकते छप्पर करायचे ठरविले. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर पत्रा, खाली आठ चाके, भिंतींवर चॅनलचे रूळ आणि ते रूळ खोलीबाहेर दोन खांबांवर पुढे नेलेले. मिस्त्रीला नकाशा दाखविला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "साब, छत कू चाकां कायकू?" मी म्हणालो, "आसमान देखने कू." त्यावर तो उत्तरला, "तो छत डालतेच कायकू?" तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बिनतोड होते, परंतु पावसाळा आणि धूळ यांना तत्त्वज्ञान कळत नाही.

छप्पर कोणत्या दिशेला सरकवावे, हा पहिला खरा प्रश्न. हैदराबाद सुमारे साडेसतरा उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून ध्रुवतारा येथे क्षितिजापासून केवळ साडेसतरा अंश वर दिसतो. उलट दक्षिणेकडचे वैभव आपल्याला लाभते. उन्हाळ्यात त्रिशंकू आणि नरतुरंग येथून दिसतात. युरोपातील बहुतेक निरीक्षकांना ते जन्मभर दिसत नाहीत. म्हणून दक्षिणेची भिंत चारच फूट ठेवली आणि छप्पर उत्तरेला सरकविले. दुर्बिणीचा मुख्य अक्ष ध्रुवाकडे रोखून एकदा पक्का केला, की ताऱ्याच्या मागे जाण्यासाठी ती एकाच अक्षाभोवती फिरवावी लागते. यास्तव छप्पर बसण्यापूर्वी पंधरा रात्री ध्रुवाची आराधना केली आणि मग त्याच्यावर पत्रा सरकविला. अढळपद मिळविलेल्यावर एवढा अन्याय क्वचितच कोणी केला असेल.

चुकाही सांगतो, कारण विद्यार्थ्यांना त्यांचाच उपयोग अधिक. दुर्बिणीचा खांब तीन फूट खोल मुरमात उभा केला होता. पण हौसेने शहाबादी फरशी त्याला अगदी चिकटवून बसविली. पहिल्या रात्री गुरू पाहत होतो. पत्नी चहा घेऊन आत आली आणि प्रत्येक पावलागणिक गुरू त्याच्या चारही चंद्रांसह थरथरू लागला. ती म्हणाली, "अहो, मी आले म्हणून तो एवढा घाबरला?" दुसऱ्या दिवशी फरशी फोडून खांबाभोवती बोटभर फट ठेवली आणि तिच्यात वाळू भरली. खांबाने जमिनीशी नाते ठेवावे, फरशीशी ठेवू नये, हा धडा मिळाला.

दुसरी चूक महागात पडली. छप्पर जड आहे, ते कोठे जाते, अशा समजुतीने मी त्याला आकडे लावले नव्हते. मे महिन्यातील वळवाच्या वाऱ्याने ते रुळांवरून उचलून शेजारच्या पेरूच्या झाडावर ठेवले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तेव्हापासून चारही कोपऱ्यांना कसून बांधायचे आकडे आहेत. तिसरी गोष्ट उष्णतेची. दिवसभर तापलेल्या खोलीतली हवा रात्री वर उठू लागली की प्रतिमा पाण्याखालच्या नाण्यासारखी हलते. म्हणून निरीक्षणाच्या तासभर आधी छप्पर उघडावे आणि आरशाला रात्रीच्या हवेशी जुळवून घेऊ द्यावे. आषाढ-श्रावणात भिंगांवर बुरशी चढते, म्हणून ती हवाबंद डब्यात ठेवावीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. विल्यम हर्षल हा इंग्लंडातील बाथ गावचा संगीतशिक्षक. त्याने १३ मार्च १७८१ रोजी घरामागच्या बागेतून, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीने, युरेनस शोधला. त्या आरशाचा व्यास सहा इंचांहून थोडासाच अधिक होता. म्हणजे सरांच्या आरशाएवढाच म्हणाना. आरसा घासताना हात थांबवता येत नसे, म्हणून बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवीत असे.

आपल्या देशातले उदाहरण तर मला अधिक जवळचे वाटते. जेसोरचे राधागोविंद चंद्र प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाले. सरकारी खजिन्यात ते नाणी मोजण्याची नोकरी करीत आणि रात्री रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता नोंदवीत. त्यांच्या नोंदी सदतीस हजारांहून अधिक भरल्या. त्यांचे काम पाहून अमेरिकेतील निरीक्षकांच्या संस्थेने १९२६ साली एक सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे वापरासाठी धाडली. काम थांबल्यावर ती दुर्बीण त्यांनी अडकवून ठेवली नाही. ती वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि पुढे कावलूरला पोहोचली. हे बाप्पू कोण? ज्यांचे वडील आपल्या निजामिया वेधशाळेत काम करीत आणि ज्यांचे बालपण याच शहरात गेले, तेच. दुर्बीण वारसाहक्काने जात नाही, मित्रहो, ती हातोहात जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचे घर पुढील वर्षी पाडून तेथे सदनिका होणार आहेत. मुलांचा निर्णय रास्त आहे. त्यांच्याशी माझा वाद नाही. दक्षिणेला पाच मजली इमारत उठल्यापासून त्रिशंकू तसाही गेला होता. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदाही दुबळा झाला आहे. अंधूक तारे मला आता दिसत नाहीत, ते कोठे असावेत एवढेच आठवते. आरसा पुन्हा डब्यात घालायची वेळ आली होती. तो एकदा सरांनी डब्यात ठेवला, एकदा मी. तिसऱ्यांदा ते होऊ नये, म्हणून दुर्बीण, खांबाचे लोखंड, रूळ आणि छप्पर हे सारे मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे.

तीन विनंत्या मात्र आहेत. पहिली, खोली गच्चीवर बांधू नये. स्लॅब तापतो आणि हादरतो. मैदानाच्या कोपऱ्यात, मुरमात पाय रोवून ती उभी करावी. दुसरी, दर महिन्याच्या शुद्ध अष्टमीच्या आसपास ती सर्वांना खुली असावी. पौर्णिमेचा चंद्र डोळे दिपवितो, पण त्यावर सावल्या नसतात. अष्टमीच्या चंद्रावर खळगे आणि डोंगर कडेवर उभे राहतात. शहराचा उजेड ते दृश्य हिरावून घेऊ शकत नाही. तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात राहू नये, ती नववीच्या विद्यार्थ्यांकडे असावी. त्यांच्या हातून काही फुटेल, हे मी जाणतो. फुटलेले दुरुस्त करता येते. डब्यात राहिलेली चव्वेचाळीस वर्षे मात्र मला भरून काढता आली नाहीत.

खोलीत एक नोंदवही ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर मी सरांचे नाव आणि आरसा घासणाऱ्या चार मुलांची नावे लिहिली आहेत. पुढची पाने कोरी आहेत. येत्या अष्टमीला तेथे पहिली नोंद तुमच्यापैकी कोणीतरी करावी. हस्ताक्षर सुवाच्य असावे आणि ऱ्हस्व-दीर्घ सांभाळावेत. तेवढा हट्ट मराठीच्या मास्तराचा समजावा.

सरांच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.